शिक्का आणि निशाणी

बदलीच्या नोकरीत माणसाला जे फॉर्म वरचेवर भरावे लागतात त्यांत 'मूळ गाव' म्हणून एक रकाना हटकून असतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो इतक्या वेळा भरला असेल की लेखणी आपोआप चालते आणि मन दुसरीकडे असते. परंतु मराठी मुलखाबाहेर दहा-बारा वर्षे काढली, मुलांच्या बोलण्यात शेजारच्या भाषेचे हेल येऊ लागले, म्हणजे त्याच रकान्यापाशी लेखणी थोडी अडखळते. आपण मूळचे कुठले? आणि 'मूळचे' म्हणजे किती पिढ्यांपूर्वीचे? या प्रश्नाने मला गेली चार-पाच वर्षे ज्या वाटांनी हिंडवले त्यांची हकिकत येथे सांगावयाची आहे. मी व्यवसायाने इतिहाससंशोधक नाही, केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. पण जुने कागद कसे वाचावे, तारखा कशा पडताळाव्या आणि शेरा कोणाचा व सही कोणाची हे कसे ओळखावे, एवढे शिक्षण कारकुनीत अनायासे मिळते.

माझी बदली बंगळूरला झाल्याचे कळले तेव्हा आमच्या थोरल्या काकांना माझ्यापेक्षाही अधिक आनंद झाला. "अरे, तू परमुलखात चाललेला नाहीस, घरी परत चालला आहेस," असे ते म्हणाले. आमच्या घराण्यात अशी परंपरागत समजूत की मूळपुरुष शहाजीराजांबरोबर बंगळुरास गेला, तेथे दप्तरावर होता, आणि एकोजीराजांनी त्याला शिक्क्यानिशी सनद करून दिली. सनद मिरजेकडील आमच्या वाड्यात पितळी नळीत जपून ठेवलेली. दसऱ्याला शस्त्रांऐवजी तीच पाटावर मांडून तिची पूजा होई. तिच्या माथ्यावर काळ्या शाईचा गोल शिक्का आहे, अक्षरे फारसी आहेत, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक होते. कागद मोडीत असल्याने आजोबांनंतर तो वाचणारे घरात कोणी उरले नव्हते. आजोबांनी कोणा जाणत्याकडून सन वाचून घेतला होता, तो १६७०-७१ निघाला होता, आणि त्या आधारावर काकांनी दहा पिढ्यांचा वंशवृक्ष काढून कुलवृत्तांत छापावयाचे मनात घेतले होते. मुखपृष्ठावर शिक्क्याचे छायाचित्र घालावयाचे हेही ठरलेले होते. माझ्याकडे काम एवढेच आले की बंगळुरात असलेल्या पुराव्यांची त्याला जोड द्यावी.

काकांच्या मनात शिक्क्याची जी कल्पना होती ती, माझ्या मते, आपली नव्हे. ती युरोपातील आहे आणि इंग्रजी कादंबऱ्यांतून आपल्याकडे आली आहे. तिकडे बाराव्या शतकात चिलखताने तोंड झाकलेला योद्धा ओळखू यावा म्हणून ढालीवर चिन्हे काढू लागले. तीच चिन्हे मग मुद्रेवर उमटली आणि बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागली. थोरल्याने चिन्ह जसेच्या तसे वापरावे, धाकट्याने त्यात लहानसा फरक करावा, असे नियम झाले. कोणते चिन्ह कोणाचे, याची नोंद ठेवण्यासाठी इंग्लंडात १४८४ साली राजाज्ञेने स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली. त्यामुळे तिकडे शिक्का सापडला की घराणे सापडते. ज्यांना ढाल नव्हती अशा सामान्य माणसांसाठी चर्चची दप्तरे होती. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पाद्र्याने ठेवावी असा हुकूम इंग्लंडात १५३८ साली झाला. रोमन पंथाच्या देशांत ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये तसेच ठरवले. त्या दप्तरांच्या आधारे तिकडचा साधा शेतकरीही तीन-चार शतके मागे जाऊ शकतो.

ही दप्तरे आपल्या दाराशीही आली. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि ट्रेंटच्या ठरावानंतर तेथील चर्चांतही बाप्तिस्म्याच्या वह्या सुरू झाल्या. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ सालचा आहे. आपल्या बाजूला इतके जुने सरकारी दप्तरखाने थोडेच असतील. तरीही तेथे वंश शोधणाऱ्यापुढे एक खिंड येते. बाप्तिस्मा घेताना नवे नाव मिळे आणि आडनाव पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे लागे. त्यामुळे दोन सख्ख्या भावांची आडनावे निराळी झाल्याचीही उदाहरणे आहेत. नोंदवही अलीकडचे सर्व चोख सांगते, पण त्या एका दिवसाच्या पलीकडे ती मुकी असते. तेथून मागे जाण्याचा आधार गावकरीच्या कागदांत मिळतो, कारण गावच्या उत्पन्नातील गावकराचा वाटा बापाकडून मुलाकडे जाई. धर्म बदलला, नाव बदलले, तरी वांगड बदलले नाही. देवाच्या दारची नोंद तुटली तेथे जमिनीची नोंद पुढे चालली, हा भाग मला विलक्षण वाटतो.

आता आपल्या मुद्रांचे पाहू. मराठी राज्यातील मुद्रा घराण्याची नसे, ती अधिकाराची असे. शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा प्रसिद्ध आहे, आणि तिच्यात ते आपणांस शहाजीचा पुत्र म्हणवतात. खुद्द जिजाबाईंची मुद्रा मात्र फारसी होती. म्हणजे आई व मुलगा एका घरात असून मुद्रांची भाषासुद्धा एक नव्हती. पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव येई आणि मग प्रधानाचे, आणि छत्रपती किंवा पेशवा बदलला की नवी मुद्रा खोदली जाई. प्रधानपद मिळाले म्हणजे 'शिक्केकट्यार' मिळाली असे म्हणत, ते याच अर्थाने. पत्राच्या आरंभी मोठी मुद्रा आणि मजकूर संपतो तेथे 'लेखनसीमा' दाखवणारे लहान मोर्तब, ते अशासाठी की खाली कोणी चार ओळी घुसडू नयेत. आपण आज पानाच्या शेवटी आडवी रेघ ओढून सही करतो त्याचाच हा पूर्वज. तेव्हा एखाद्या घरात शिक्क्याचा कागद निघाला तर त्यावरून शिक्का मारणारा कोण एवढे कळते. ज्याच्या नळीत तो कागद राहिला त्याच्या कुळाशी शिक्क्याचा संबंध, माझ्या बदलीच्या हुकमावरील सिंहमुद्रेचा माझ्या कुळाशी आहे तेवढाच. काकांना हे मी पत्राने कळवले तेव्हा त्यांनी उत्तर पाठवले नाही.

बंगळुरास आल्यावर आरंभी मी काकांच्याच वाटेने गेलो. विजापूरकरांच्या वतीने रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी १६३८ मध्ये केंपेगौडाकडून हे ठाणे घेतले आणि ते शहाजींच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागे एकोजीराजांकडे राहिले. १६८७ मध्ये मोगलांच्या कासीमखानाने ते घेतले आणि त्याच सुमारास म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने तीन लाखांना विकत घेतले. पन्नास वर्षांची ही मराठी राजवट आज शहरात शोधू गेल्यास फार थोडी सापडते. मी मल्लेश्वरम् भागात राहतो. तेथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळासमोर एका खडकावर १६६९ सालचा लेख आहे. मल्लापूरच्या मल्लिकार्जुनासाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव एकोजीराजांनी दिल्याचा तो उल्लेख. लुई राईस यांनी १९०५ साली बंगळूर जिल्ह्याचे शिलालेख छापले त्यांत तो आलेला आहे. दुधाच्या पिशव्या घेऊन घाईने जाणाऱ्या लोकांमध्ये उभे राहून मी तो पहिल्यांदा पाहिला. भोसल्यांचे दान, कन्नड मुलखातला देव, आणि मल्लापुराचे नाव आपल्या पत्त्यात नित्य लिहिणारा मी, या योगाने मन भरून आले हे कबूल केले पाहिजे. परंतु त्यात आमच्या मूळपुरुषाचे नाव असण्याचे कारण नव्हते आणि ते नव्हतेही.

त्यानंतर एका सुटीत होदिगेरेला गेलो. चन्नगिरी तालुक्यातले हे खेडे आता दावणगेरे जिल्ह्यात मोडते. २३ जानेवारी १६६४ रोजी शहाजीराजांचा तेथे अंत झाला. समाधी अगदी साधी आहे. स्वराज्य संस्थापकाच्या पित्याची समाधी म्हणून जे डोळ्यांपुढे येते त्यातले तेथे काही नाही. ज्या कुळाच्या आधाराने आम्ही आमचे कूळ उभे करू पाहत होतो, त्या कुळाला स्वतःच्या मुळाची चिंता काही कमी पडली नव्हती, हा विचार तेथे बसून आला. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी क्षत्रियत्वाचा निर्णय गागाभट्टांकडून व्हावा लागला आणि भोसल्यांचा वंश शिसोद्यांशी जोडला गेला. पुढे १८०३ मध्ये तंजावरच्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या प्राकारात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले. आपल्या भाषेतला हा प्रचंड शिलालेख तमिळ देशात आहे हे परप्रांतातल्या मराठी माणसाने एकदा तरी जाऊन पाहावे. त्यात अलीकडच्या राजांच्या हकिकतीपाठोपाठ फार मागचे पूर्वजही येतात, आणि जसजसे मागे जावे तसतसा इतिहास पातळ होऊन पुराण दाट होत जाते. दगडात कोरल्याने वंशावळ खरी होत नाही. असो. राजांच्या गोष्टी राजांना शोभतात, पण एका कारकुनाच्या घराण्यानेही तेच करावे का, हा माझा प्रश्न होता.

म्हणून मी उलट टोकाकडून सुरुवात केली आणि मोडी शिकलो. रविवारचा वर्ग, सहा महिने, वर्गात आम्ही नऊ जण. मोडी अवघड नाही, पण ती मानी आहे. आधी पानभर शिरोरेघ ओढावयाची आणि मग तिला लोंबकळत अक्षरे न थांबता जात राहतात. शब्द तोडलेला नसतो, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नसतो, आणि वाचकाला मजकूर अर्धा आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. सरकारी टिपणे वाचणाऱ्यास ही सवय लवकर जडते. पुढच्या दिवाळीत मी मिरजेस गेलो, काकांच्या परवानगीने नळी उघडली आणि कागद जाजमावर पसरला. काका शेजारी खुर्चीवर बसले होते.

पहिल्या ओळीतच कळले की ही सनद नव्हे, महजर आहे. महजर म्हणजे गोतसभेपुढे वादाचा निवाडा झाल्यावर लिहिलेला कागद. 'हाजीर मजालस' म्हणून आरंभी उपस्थितांची यादी, मग वादाची हकिकत, मग निर्णय, आणि शेवटी सर्वांच्या साक्षी. शिक्का एकोजीराजांचा नसून परगण्याच्या काजीचा होता. हे मला पुढे बंगळुरात कळले. कचेरीतल्या माझ्या एका सहकाऱ्याचे वडील फारसीचे निवृत्त शिक्षक. शिवाजीनगरातल्या त्यांच्या घरी मी छायाचित्र घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सारून भिंग लावले आणि दखनी उर्दूत सांगितले की यात राजाबिजा कोणी नाही, हा आपणांस शरियतेचा सेवक म्हणवतो, म्हणजे काजीच. शिक्क्यातील हिजरी सनाचे शेवटचे दोन आकडे तेवढे स्पष्ट होते, ६३. ते १०६३ असतील किंवा ११६३. शिवाय शिक्क्यातला सन शिक्का खोदल्याचा असतो, कागद लिहिल्याचा नव्हे, आणि एकच शिक्का काजी वीस-तीस वर्षे वापरी. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळ घराणी पुष्कळ जुनी होऊन बसली आहेत.

कागदाचा सन मजकुरात होता, पण तेथेच घोटाळा. आपल्या जुन्या कागदांत शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नसून अरबी संख्यावाचक शब्दांत असतो, आधी एकं, मग दहं, मग शतं, मग सहस्र. त्यात ५९९ मिळवले की मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या वर्षाचा इसवी सन येतो. आमच्या कागदावर 'इहिदे सबैन' हे स्पष्ट होते, म्हणजे एकाहत्तर. शेवटी 'अलफ', म्हणजे हजार. यावरून सन १०७१, अर्थात १६७०-७१, एकोजीराजांचा काळ, असे आजोबांना कोणी सांगितले असणार. परंतु दोहोंच्या मध्ये कसरीने खाल्लेले, हरभऱ्याएवढे एक भोक होते. त्या जागी 'मया', म्हणजे शंभर, हा शब्द असला तर सन ११७१ होतो आणि कागद १७७०-७१ चा ठरतो. आमच्या घराण्याची शंभर वर्षे त्या भोकात बसली होती. शिक्क्यातल्या ६३ ने निर्णय होईना, कारण तो दोन्हींकडे खपत होता.

निर्णय केला तो संवत्सराने. कागदाच्या शेवटी तिथीबरोबर संवत्सराचे नाव होते आणि ते कसरीपासून बचावले होते, 'विकृतीनाम संवत्सरे'. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे आहे. शकात बारा मिळवून साठाने भागावे, बाकी राहील तितक्या क्रमांकाचा संवत्सर. शके १५९२ हे १६७०-७१ चे वर्ष घेतले तर बाकी ४४ उरते आणि 'साधारण' येतो. शके १६९२ घेतले तर बाकी २४, आणि चोविसावा संवत्सर विकृतीच. हा हिशेब मी काकांसमोर पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नव्हे, अर्थात, वर्तमानपत्राच्या कडेला मांडला. काकांनी स्वतः पंचांग आणवून नावे मोजली. दोनदा मोजली. मग म्हणाले, "म्हणजे शहाजीराजे गेले."

"शहाजीराजे गेले, काका," मी म्हणालो, "पण कागद अजून वाचायचा आहे. तुम्ही म्हणत असाल तर पुढे वाचतो."

"वाच," ते म्हणाले.

वाद कुळकर्णाच्या वतनाचा होता. दोघे भाऊ, पैकी थोरला निपुत्रिक वारला. त्याच्या विधवेने लांबच्या भाऊबंदांतील एक मुलगा दत्तक घेतला. दिराने हरकत घेतली की नवऱ्याच्या आज्ञेवाचून घेतलेले दत्तविधान लटके, सबब सारे वतन माझे. विधवेने गोत मागितले. गोत बसले, चार दिवस चालले, आणि निवाडा तिच्या बाजूने झाला. दत्तक खरा, वतन निमेनिम. अशा वादात हरणाऱ्याकडून 'यजितखत' लिहून घेत आणि जिंकणाऱ्याला निवाड्याचा कागद देत. म्हणून महजर ज्या घरात राहतो ते घर जिंकणाऱ्याचे. दीडशे वर्षे दसऱ्याला पुजलेला कागद आमच्या घरात होता तो या कारणाने की आम्ही त्या दत्तकाचे वंशज आहोत. काकांच्या वंशवृक्षात दत्तकाचे नाव औरस पुत्र म्हणून होते. आणि त्या बाईचे नाव मुळीच नव्हते, कारण वंशवृक्षात बायका घालण्याची आमच्याकडे चाल नव्हती.

महजराच्या शेवटी साक्षी असतात, आणि मराठी कागदांचे खरे वैभव मला तेथे दिसते. माथ्यावरचा शिक्का एकाच्या अधिकाराचा, तळाशी सगळे गाव. लिहिता येणारे आपल्या हाताने नाव घालीत. बाकीच्यांचे नाव कुळकर्णी लिही आणि त्यापुढे ज्याची त्याची निशाणी काढी. पाटलापुढे नांगर. सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक, न्हाव्याची आरसी, परटाची मोगरी, चांभाराची रापी. चार-चार फराट्यांत काढलेली ही चित्रे आहेत, पण नांगर नांगरच दिसतो. युरोपातील सरदारांनी ढालीवर सिंह आणि गरुड घेतले, जे त्यांच्यापैकी बहुतेकांनी जन्मात पाहिले नसतील. आमच्या गावाने हातातले अवजार घेतले. आणि ही चिन्हे पिढीजात होती. नांगर त्या पाटलाचा तसा त्याच्या नातवाचाही. कुलचिन्ह म्हणून आपल्याकडे काही असेल तर ते हेच, आणि त्यात बलुतेदाराचे चिन्ह पाटलाच्या चिन्हाच्या ओळीत बसते. समाजात तशी ओळ नव्हती हे मी विसरत नाही. कागदावर ती होती, एवढेच म्हणतो.

आमच्या कागदात सर्वांच्या खाली, थोडे अंतर सोडून, आणखी एक नाव होते आणि त्यापुढे एक लहानसे वर्तुळ. मी आधी ते शून्य समजलो. मग शेजारची अक्षरे लागली, 'निशाणी बांगडी'. विधवेची निशाणी बांगडी. लिहिणाऱ्याला त्यात काही विपरीत वाटले नसावे, बाईची निशाणी तीच असे. काकांनी भिंग मागून घेतले आणि पुष्कळ वेळ त्या वर्तुळाकडे पाहत राहिले.

पुढची दोन टोके जोडायला मला आणखी दीड वर्ष लागले. पहिले पुण्याच्या दप्तरात. आपल्याकडे घरोघरचे कागद उजेडात आले त्याचे श्रेय इतिहासप्रेमाइतकेच इंग्रजांच्या इनाम कमिशनला आहे. १८५२ च्या कायद्याने कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याच्या ताब्यात इनाम-वतन होते त्याला पुरावा हजर करावा लागला. कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी दिल्या गेल्या, पुष्कळ खऱ्या आणि काही त्या महिन्यात तयार झालेल्या. हे सर्व पेशवे दप्तराबरोबर पुण्यात ठेवलेले आहे, इमारत १८९१ ची. सरदेसायांनी या दप्तरातून निवडून ४५ खंड छापले ते १९३० ते १९३४ या काळात. पण ते राजकारणाचे कागद. आपल्यासारख्यांचे आजोबा-पणजोबा रुमालांतच आहेत. आमच्या गावच्या कैफियतीत हरलेल्या धाकट्या भावाच्या शाखेने पूर्ण वंशावळ दिली होती, आणि आमच्या शाखेपुढे एकच शब्द लिहिला होता, 'परागंदा'.

परागंदा होऊन कोठे गेले ते नाशिकला कळले. आपल्याकडे चर्चची नोंद नाही, परंतु तीर्थोपाध्यायाची वही आहे, आणि ती पाद्र्याच्या वहीपेक्षा एका बाबतीत सरस आहे. तेथे यात्रेकरू स्वतःच्या हाताने लिहितो. नाशिक, त्र्यंबक, गोकर्ण, काशी, गया, कोठेही जा, गाव व आडनाव सांगितले की उपाध्याय लाल बासनातून वही काढतो आणि तुमच्या खापरपणजोबांचे हस्ताक्षर तुमच्या पुढ्यात येते. मी गेलो तेव्हा उपाध्यायांनी दक्षिणेबद्दल अवाक्षर न काढता आधी चहा दिला आणि मग तीन वह्या चाळल्या. तिसरीत नोंद होती. शके १७४१ प्रमाथीनाम संवत्सरे, म्हणजे १८१९-२०, पेशवाई बुडून दुसरे वर्ष. लिहिणारा दत्तकाचा मुलगा. अक्षर वळणदार, कारकुनी. मूळ गाव आमचे, आणि त्यापुढे 'हल्ली वस्ती बेंगरूळ'.

म्हणजे बंगळूर खोटे नव्हते. शहाजीराजे खोटे होते. १७९१ मध्ये टिपूवरील मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर मिरजेकडची पुष्कळ माणसे या मुलखात उतरली. त्याच वर्षी २१ मार्चला इंग्रजांनी बंगळूरचा किल्ला घेतला. कृष्णराज मार्केटपाशी किल्ल्याचा जो भाग उरला आहे त्याच्या भिंतीत तसा दगड बसवलेला आहे. आमचा दत्तक त्या वेळी तिशीत असावा. निम्मे वतन, भाऊबंदांचा रोजचा जाच आणि लेखणी चालवण्याचे अंगी असलेले कसब, अशा माणसाने फौजेच्या दप्तरात चाकरी धरावी आणि मागे राहावे यात आश्चर्य नाही. हे माझे अनुमान आहे. नोंदीत फक्त वस्ती आहे. आमचे घराणे पुढे केव्हातरी मिरजेला परतले, आणि येताना एवढीच आठवण घेऊन आले की आपण बंगळुरास दप्तरावर होतो. कोणाच्या दप्तरावर, ते विसरले. मग शहाजीराजे आपोआप आले.

त्या नोंदीत आणखी एक गोष्ट होती. तीर्थश्राद्धात पित्याबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचाही उच्चार होतो, म्हणून वहीत बायकांची नावे येतात. पितामही म्हणून त्याने जे नाव लिहिले होते ते महजरातले, बांगडीशेजारचे. ज्या आजीने त्याच्या बापाला गोतसभेपुढे आपला म्हणून उभे केले तिचे नाव तिचा नातू गोदेच्या काठी लिहून गेला होता. ते नाव मी येथे देत नाही. घरच्यांनी ते अजून मोठ्याने उच्चारलेले नाही, आणि छापण्याचा पहिला अधिकार काकांचा.

नोंदीचे छायाचित्र घेऊन मी गेल्या दसऱ्याला मिरजेस गेलो. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी ते भिंगाखाली धरले, अक्षराचे वळण वाखाणले, मग विचारले, "तिचे माहेर कुठले, ते आहे का कुठे?" नाही म्हणून सांगितले. कागद नेहमीप्रमाणे पाटावर मांडला. दर वर्षी तो शिक्का दिसेल असा माथ्याकडून उलगडून ठेवीत असू. या वेळी काकांनी स्वतः तो पूर्ण उलगडला, दोन्ही टोकांना सुपाऱ्या ठेवल्या, आणि फुले वाहताना मला पुसले की चष्म्यावाचून दिसत नाही, ते वर्तुळ नेमके कोठे आहे.

कुलवृत्तांताचे हस्तलिखित तूर्त माझ्याकडे बंगळुरात आहे. वंशवृक्षाचे पान नव्याने काढावयाचे आहे आणि सातव्या पिढीपाशी दत्तकाचा उल्लेख करण्यास चुलतभावांपैकी दोघांची हरकत आली आहे. मुखपृष्ठावर काय घालावयाचे ते काकांनी अद्याप कळवलेले नाही.